हरिहरेश्वरच्या खडकांवरची ब्लेनी: काय खाते, पाण्याबाहेर का येते आणि घरच्या टँकमध्ये का आणू नये

प्रश्न थोडक्यात असा होता: हरिहरेश्वरच्या प्रदक्षिणा मार्गाखालच्या खडकांवर बोटाएवढे काळपट मासे पाण्याबाहेर, ओल्या खडकाला चिकटून बसलेले दिसले. जवळ गेलं की टुणकन उडी मारून फटीत गायब. या निवट्या का? खडकावर बसून ते काय खातात? आणि घरी दोनशे लिटरचा समुद्री पाण्याचा टँक आहे, काचेवर सतत शेवाळ धरतं, तर असे दोन मासे धरून आणले तर काच साफ राहील का?

आधी तिन्हींची छोटी उत्तरं देतो. निवट्या नाहीत, ब्लेनी आहेत. शेवाळ खातात, पण ज्या अर्थाने आपण ‘शेवाळ खातात’ म्हणतो त्या अर्थाने पूर्ण खरं नाही. आणि धरून आणू नका. आता सविस्तर.

निवटी समजण्याची चूक कोकणात अनेकजण करतात, कारण पाण्याबाहेर उड्या मारणारा मासा म्हटलं की आपल्याला एकच ठाऊक असतो. पण निवटीचं घर चिखलात. खाडीकाठी, खाजणात, कांदळवनाच्या पायथ्याशी ती बीळ करून राहते. तिचे डोळे डोक्यावर बेडकासारखे वर आलेले, छातीचे पर हातांसारखे, त्यांवर रेलून ती चिखलातून सरपटते. पाठीवर दोन वेगळे पर आणि पोटाखालचे दोन पर कमीअधिक जुळलेले. ती गोबी कुळाच्या गोतावळ्यातली. मोकळ्या समुद्राच्या लाटा फुटतात त्या काळ्या कातळावर निवटी सापडत नाही. चिखल नाही तिथे ती काय करणार?

ब्लेनीचं कूळ वेगळं, ब्लेनिइडी. जगभरात तिच्या सुमारे चारशे जाती आहेत आणि बहुतेक उथळ, खडकाळ किंवा प्रवाळाच्या पाण्यात राहतात. ओळखायच्या खुणा सोप्या आहेत. अंगावर खवले अजिबात नाहीत, नुसती बुळबुळीत कातडी. तोंडाचा पुढचा भाग बोथट, जवळजवळ सरळ उभा, त्यामुळे मासा कायम काहीतरी विचारात असल्यासारखा दिसतो. डोळ्यांवर बारीक तंतू किंवा झालरी. पाठीवरचा पर डोक्यामागून शेपटीपर्यंत एकच लांब, फार तर मध्ये एक खाच. आणि पोटाचे पर गळ्याजवळ पुढे सरकलेले, दोन बारीक बोटांसारखे. त्यांवर ती पुढून टेकून बसते. वाढलेल्या ब्लेनीच्या पोटात हवेची पिशवी नसते, त्यामुळे पाण्यात तरंगत राहणं तिला जमत नाही. थांबली की खाली बसते. ही एक गोष्ट लक्षात ठेवली तर तिचं बाकीचं वागणं आपोआप कळतं: ती खडकाच्या पृष्ठभागावर जगणारी आहे, पाण्याच्या पोकळीत जगणारी नाही.

त्याच डबक्यांत गोबीही असतात, तेव्हा खडकातला प्रत्येक बोटभर मासा ब्लेनी समजू नका. गोबीला खवले असतात, पाठीवर दोन पर असतात आणि पोटाचे पर जुळून बशी झालेली असते. मासा उडी मारून दिसेनासा झाला तर पाठीचा पर आठवून पाहा. एक होता की दोन?

तुम्ही सांगितलेल्या वर्णनावरून तुमचा मासा बहुधा इस्टिब्लेनियस या प्रजातीतला (म्हणजे जवळच्या जातींच्या गटातला) आहे. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर इस्टिब्लेनियस डस्युमिएरी आढळतो. अंगावर उभे गडद पट्टे, त्यात फिकट रेषा, आणि वयात आलेल्या नराच्या डोक्यावर कातडीचा उभा तुरा. हे नाव ज्या डस्युमिए नावाच्या फ्रेंच व्यापारी खलाशावरून पडलं, त्याने एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मुंबई आणि मलबारच्या किनाऱ्यांवरून पॅरिसच्या संग्रहालयासाठी शेकडो मासे गोळा केले होते. निवटीच्या एका जातीच्या नावातही तोच डस्युमिए बसला आहे. या प्रजातीच्या जातींची नीट मांडणी मात्र बऱ्याच उशिरा, १९९४ मध्ये, अमेरिकेतल्या स्मिथसोनियन संग्रहालयाच्या व्हिक्टर स्प्रिंगर आणि जेफ्री विल्यम्स यांनी केली. तोवर जुन्या याद्यांत इस्टिब्लेनियस, सॅलॅरियस आणि आणखी दोन-तीन नावांचा असा गुंता होता की जुन्या नोंदीतलं नाव आज जसंच्या तसं घेणं धोक्याचं ठरतं. नुसत्या मोबाईलच्या फोटोवरून जातीपर्यंत जायचा आग्रह मीही धरत नाही. परांतले काटे आणि दात मोजल्याशिवाय खात्री होत नाही आणि त्यासाठी मासा मारावा लागतो.

इथे एक फाटा फोडतो, कारण तो मुंबईचा आहे. ओमोब्रँकस पंक्टॅटस नावाच्या एका ब्लेनीचं पहिलं शास्त्रीय वर्णन १८३६ मध्ये मुंबईच्या नमुन्यावरून झालं. हा मासा कालवांच्या रिकाम्या शिंपल्यांत आणि बार्नॅकलच्या, म्हणजे खडकाला चिकटून राहणाऱ्या कवचधारी जीवांच्या, पोकळ्यांत शिरून राहतो, गढूळ आणि थोडं गोडं पाणीही चालवून घेतो. जहाजांच्या बुडाला आणि समुद्रातल्या बांधकामांच्या सांगाड्यांना चिकटलेल्या शिंपल्यांत बसून तो पार कॅरिबियन समुद्रात आणि ब्राझीलच्या किनाऱ्यावर पोचला आणि तिथे आज परका म्हणून नोंदवला जातो. पण तो शेवाळावर जगणारा नाही. त्याचा भर बारीक जीवांवर. तेव्हा ‘ब्लेनी म्हणजे शेवाळ खाणारा मासा’ हे समीकरण कुळाला लागू पडत नाही. याच कुळात दुसऱ्या माशांच्या खवल्यांचे आणि परांचे लचके तोडणाऱ्या जातीही आहेत. इंग्लंडच्या किनाऱ्यावरची शॅनी नावाची ब्लेनी तर बार्नॅकल फोडून खाते.

आता तुमच्या माशाच्या तोंडाकडे येऊ, कारण सगळी गंमत तिथे आहे.

इस्टिब्लेनियस, सॅलॅरियस, अल्टिकस या मंडळींच्या जबड्यात पुढच्या बाजूला एकाच रांगेत शंभराहून जास्त दात असतात. केसासारखे बारीक, टोकाला किंचित वळलेले. आणि ते हाडात घट्ट रोवलेले नसतात, हिरडीत बसलेले असतात, त्यामुळे प्रत्येक दात थोडा हलतो. बारीक दातांची फणी लवचिक असती तर जशी चालली असती तसं हे तोंड चालतं. खडक कधी सपाट नसतो. त्यावर खळगे, बार्नॅकलच्या कडा, जुन्या शिंपल्यांचे डाग असतात. कडक दात उंचवट्यावर अडकले असते आणि खळगा तसाच राहिला असता. हलणारे दात उंचसखल भाग पकडत जातात. मासा डोकं पुढे झटकतो, ओठ खडकावर दाबतो, खरवडतो, मागे सरतो. परत झटका. चरत असलेली ब्लेनी दोन-चार मिनिटं पाहिली की हा ताल लगेच लक्षात येतो.

ती खरवडते काय? खडकावरची लांब, हिरवी, पानांसारखी शेवाळं, म्हणजे उल्वा किंवा सरगॅसम, यांच्याशी तिचं फारसं देणंघेणं नाही. ते तोडायला लागणारे दातच तिच्याकडे नाहीत. ती जाते त्या पातळ थराकडे, जो आपल्याला फक्त पाय घसरल्यावर कळतो. त्या थरात डायाटम, म्हणजे काचेसारख्या कवचाची एकपेशीय शेवाळं, असतात, निळीहिरवी सूक्ष्म शेवाळं असतात, मिलिमीटरभर उंचीचे तंतू असतात. आणि त्या तंतूंमध्ये अडकलेला गाळ असतो: मेलेल्या शेवाळांचे तुकडे, प्राण्यांची विष्ठा, चिकट स्राव आणि या सगळ्यावर वाढणारे जिवाणू. ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफवर सॅलॅरियस प्रजातीच्या ब्लेनींच्या पोटातला माल तपासला गेला तेव्हा असं दिसलं की गिळलेल्या मालात मोठा वाटा या सेंद्रिय गाळाचा आहे, शेवाळाच्या तंतूंचा नाही. आणि तो गाळ पोषणाच्या दृष्टीने तंतूंपेक्षा सरस निघाला, कारण जिवाणूंमुळे त्यात प्रथिनं जास्त आणि पचायला सोपी.

म्हणून मी वर ‘पूर्ण खरं नाही’ म्हटलं. तिला शेवाळखाऊ म्हणा, हरकत नाही, पण तिच्या दृष्टीने शेवाळ हे बरंचसं जेवण अडकवून ठेवणारं जाळं आहे. तुमच्या काचेच्या प्रश्नाशी याचा थेट संबंध आहे. पुढे येतो त्याकडे.

या थरावर ती एकटी चरत नाही. शंखधारी नेराइट गोगलगायी आणि लिंपेट, म्हणजे खडकाला चिकटणारे टोपीसारखे शंखही, तोच थर खातात. फरक वेळेचा आणि जागेचा. गोगलगाय खडक ओला असेतो सावकाश फिरते आणि ऊन चढलं की फटीत जाऊन दार लावून बसते. ब्लेनीला दार नाही. तिला ओल हवीच, कारण पाण्याबाहेर असताना ती कातडीतून श्वास घेते. कल्ल्यांमध्ये थोडं पाणी धरून ठेवते, पण बराचसा प्राणवायू बिनखवल्याच्या, ओल्या, रक्तवाहिन्यांनी भरलेल्या कातडीतूनच आत जातो. कातडी वाळली की श्वास संपला. म्हणून तुम्हाला ती खडकावर बरोबर त्या पट्ट्यात दिसली जिथे दर काही क्षणांनी लाटेचे तुषार येऊन पडतात. हात-दोन हात वर गेली तर सुकेल, हात-दोन हात खाली गेली तर लाट फेकून देईल किंवा मोठा मासा गिळेल. तिचं जग इतकं अरुंद आहे, आणि भरती-ओहोटीबरोबर ते दिवसातून दोनदा वर चढतं आणि दोनदा खाली उतरतं.

‘मोठा मासा गिळेल’ हे कल्पनेने लिहिलेलं नाही. प्रशांत महासागरातल्या रारोटोंगा बेटावर टेरी ऑर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हाच प्रश्न तपासला आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध केला: मासे पाणी सोडून बाहेर येतातच का? ओहोटीला तिथल्या ब्लेनी डबक्यांत पोहत असत. भरती चढू लागली, पाण्याबरोबर शिकारी मासे आत आले, की ब्लेनी पाण्याच्या रेषेच्या वर, उघड्या खडकावर सरकत. त्यांनी मळलेल्या मातीसारख्या मऊ पदार्थाचे नकली ब्लेनी करून काही पाण्यात आणि काही खडकावर ठेवले आणि त्यांवर उमटलेल्या दातांच्या व चोचींच्या खुणा पाहिल्या. पाण्यातल्यांवर हल्ले स्पष्टपणे जास्त झाले. बाहेर पक्षी असतात, धोका तिथेही आहे, पण कमी. म्हणजे तुमचा मासा पाण्यातून बाहेर येऊन बसला होता तो ‘हवा खायला’ नाही. त्या वेळी पाणी चढत होतं का, हे आठवून पाहा.

याच गटातला ग्वाम बेटावरचा अल्टिकस अर्नोल्डोरम तर वयात आल्यावर जवळजवळ सगळं आयुष्य पाण्याबाहेरच्या तुषारपट्ट्यात काढतो. तो उडी कशी मारतो याचा टॉनिया शे यांनी २०१० मध्ये बारकाईने अभ्यास केला. बहुतेक मासे जमिनीवर पडले की आडवे होऊन तडफडतात, कारण शेपूट डावी-उजवी हलवण्यासाठीच घडलेली. ही ब्लेनी शेपटीचा भाग पिळून तिची सपाट बाजू खडकाला टेकवते आणि तिथून जोर काढते. त्यामुळे उडीला दिशा मिळते. आपल्याकडच्या इस्टिब्लेनियसची उडी एवढी सफाईदार नसते, पण खडकावरून डबक्यात आणि डबक्यातून शेजारच्या डबक्यात ती अचूक जाते.

अचूक कशी, याचं सगळ्यात छान उत्तर ब्लेनीने नाही, गोबीने दिलं आहे. बहामातल्या बिमिनी बेटावर लेस्टर ॲरनसन यांनी १९५१ मध्ये बॅथिगोबियस सोपोरेटर या डबक्यातल्या गोबीवर काम केलं. पलीकडचं डबकं बसल्या जागेवरून दिसत नाही, तरी मासा बरोबर त्यात पडतो, हे त्यांनी पाहिलं. मग माशांना कृत्रिम तळ्यात, भरतीच्या वेळेसारखं पाणी भरून, वरून फिरू दिलं. ज्यांना असं फिरायला मिळालं त्यांच्या उड्या नंतर बरोबर पडल्या. ज्यांना मिळालं नाही ते चुकले. भरतीत पाण्याखाली असताना मासा खाचखळगे लक्षात ठेवतो आणि ओहोटीला तो नकाशा वापरतो. पुढच्या प्रयोगात ही आठवण ४० दिवसांनंतरही टिकलेली दिसली. हरिहरेश्वरचे लोक याच न्यायाने कुठल्या खडकावर पाय द्यायचा ते जाणतात. आपण पर्यटक जाणत नाही. त्या प्रदक्षिणा मार्गावर भरती चढताना माणसं ओढली गेली आहेत, तेव्हा मासे बघायच्या नादात पाण्याकडे पाठ करू नका.

प्रजननाबद्दल थोडं सांगतो, कारण ते कळलं की हे मासे धरून आणणं मला का पटत नाही ते कळेल. नर एक भोक किंवा फट ताब्यात घेतो. रिकामी शिंपलीही चालते. मादी आत येऊन भिंतीला किंवा छताला एका थरात अंडी चिकटवते आणि निघून जाते. मग दुसरी मादी येते, तिचीही त्याच थरालगत. पिल्लं बाहेर पडेपर्यंत त्या सगळ्यांची राखण एकटा नर करतो: परांनी वारा घालतो, घुसखोरांना हाकलतो. अनेक जातींत नराच्या मागच्या पराच्या काट्यांवर ग्रंथी फुगतात. त्यांचा स्राव अंड्यांवर चोळला जातो आणि तो रोगजंतूंना रोखतो, असं भूमध्य समुद्राकडच्या जातींत दिसून आलं आहे. या काळात नर भोकापासून लांब जाऊ शकत नाही, म्हणजे चरायलाही जाऊ शकत नाही.

अर्थात त्याला फार हळवा बाप समजू नका. जपानच्या किनाऱ्यावरच्या ऱ्हॅब्डोब्लेनियस नायटिडस या ब्लेनीचा नर अंडी फार थोडी असतील तर सगळीच्या सगळी खाऊन टाकतो. २०१८ मध्ये जपानी संशोधकांनी याचं कारण मांडलं. भोकात अंडी असेतो नराच्या अंगातलं पुरुषी संप्रेरक खाली बसतं आणि तो नव्या माद्यांना बोलवू शकत नाही. थोड्याशा अंड्यांसाठी हंगाम घालवण्यापेक्षा ती संपवून पुन्हा सुरुवात करणं त्याला परवडतं. हिशेब क्रूर असला तरी चोख आहे.

अंड्यातून निघालेली पिल्लं खडकावर राहत नाहीत. ती प्रवाहाबरोबर मोकळ्या समुद्रात जातात, काही आठवडे प्लवकात तरंगतात आणि जगली-वाचली तर पुन्हा कुठल्यातरी खडकाळ किनाऱ्यावर उतरतात. बहुतेक वाचत नाहीत, आणि तेच त्यांचं मोठं काम ठरतं. ब्लेनी, गोबी यांसारख्या तळाला दडून राहणाऱ्या चिमुकल्या माशांवर सायमन ब्रँडल आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये जो हिशेब मांडला, त्यानुसार प्रवाळ खडकांवर खाल्ल्या जाणाऱ्या एकूण मत्स्यभारापैकी जवळजवळ ६० टक्के या चिल्लर मंडळींतून येतो. आपला कोकणचा कातळ म्हणजे प्रवाळ खडक नव्हे, तो आकडा इथे तसाच चिकटवता येणार नाही. पण बाजारात न येणारा मासा म्हणजे बिनकामाचा मासा, हा आपल्याकडचा समज तेवढ्याने सैल व्हायला हरकत नाही.

पुन्हा बघायला जाणार असाल तर वेळ नीट साधा. कोकणात जुन्या माणसांचा हिशेब आहे: तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. तृतीयेला तीनची पाऊणपट सव्वादोन, म्हणजे दुपारी आणि रात्री सव्वादोनच्या आसपास पूर्ण भरती. त्यात सव्वासहा तास मिळवले-वजा केले की सकाळी आठच्या सुमारास ओहोटी. हा ढोबळ हिशेब आहे, जागेप्रमाणे मागेपुढे होतो, तेव्हा छापील तक्ता किंवा मोबाईलवरचं कोष्टक पाहूनच उतरा. अष्टमीच्या आसपास भांगाचं पाणी असतं, खडक फारसा उघडा पडत नाही. अमावस्या-पौर्णिमेनंतरचे दोन-तीन दिवस उधाणाचे, ते उत्तम. पावसाळा संपल्यापासून फेब्रुवारीपर्यंत खडकावर शेवाळाची वाढ चांगली असते. एप्रिल-मेमध्ये वरचा पट्टा उन्हाने भाजून निघतो, उथळ डबक्यातलं पाणी तापतं आणि आटून जास्त खारट होतं. पावसाळ्यात त्याच डबक्यात गोडं पाणी भरतं. ब्लेनी हे सगळं सोसते, म्हणूनच ती तिथे टिकली.

पाहायची रीत एकच: बसा. पूर्ण ओहोटीच्या थोडं आधी पोचा, डबक्याच्या काठी अशा बाजूला बसा की तुमची सावली पाण्यावर पडणार नाही, आणि हलू नका. पाच-दहा मिनिटांत भोकांमधून बोथट डोकी बाहेर येऊ लागतात. मग एकेक जण चरायला निघतो, शेजारी जवळ आला की त्याच्यावर धावतो, परत आपल्या भोकात शेपटीकडून शिरतो. दगड उलटू नका. उलटलेल्या दगडाखाली अंडी असू शकतात आणि ती उन्हात काही मिनिटांत संपतात. उलटलाच तर जसा होता तसा परत ठेवा. मालवणला गेलात तर तिथला काही भाग १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, तिथून काहीही उचलायचं नाही.

आता टँक.

तुमच्या मनातला हिशेब असा दिसतो: मासा खडकावरचं शेवाळ खातो, काचेवर शेवाळ आहे, मासा काचेवर सोडला की काम झालं. पहिला आठवडा हा हिशेब बरोबर ठरल्यासारखा वाटेलही. काचेवर ओठांचे गोल-गोल ठसे दिसू लागतील. पण दोनशे लिटरच्या टँकची काच आणि दगड मिळून जो थर असतो, तो एका ब्लेनीला फार दिवस पुरत नाही. खडकावर तो थर रोज वाढतो, प्रत्येक भरती त्यात नवा गाळ आणून टाकते. टँकमध्ये गाळ आपण फिल्टर आणि स्किमर (फेसाबरोबर घाण काढणारं यंत्र) लावून काढून टाकतो. म्हणजे ज्या गोष्टीवर ती मुख्यतः जगते, तीच आपण तिच्यापासून हिरावतो. उरतं ते लांब केसाळ शेवाळ, जे ती सहसा खात नाही. मग मासा दिसायला हिंडता-फिरता आणि आतून उपाशी. दुकानातून आणलेल्या ब्लेनीही बहुतेक याच कारणाने मरतात, आणि मालक म्हणतो, कालपर्यंत तर चरत होती.

दुसरी गोष्ट, तिने शेवाळ खाल्लं म्हणून ते टँकबाहेर जात नाही. खाल्लेल्यातला बराच भाग विष्ठा आणि अमोनिया होऊन त्याच पाण्यात परततो, तिथून नायट्रेट, आणि त्यावर पुन्हा शेवाळ. काचेवरचं शेवाळ हा तुमच्या टँकचा आजार नाही, लक्षण आहे. पाण्यातलं नायट्रेट आणि फॉस्फेट मोजा. बहुतेक वेळा कारण जास्त खाणं टाकणं, जुने दिवे किंवा नळाचं पाणी न शुद्ध करता वापरणं, यांतच सापडतं. दिवा आठ तासांवर आणा आणि खाणं निम्म्यावर.

तिसरी, ‘दोन’ आणू असं म्हणालात. दोन नर आले तर एक भोक आणि एक मासा उरेल. एवढ्या टँकमध्ये हरलेल्याला पळायला जागा नाही. आणि चौथी, हा मासा लाट येताच खडकावर उडी मारायला घडला आहे. झाकणात दोन बोटं फट असेल तर सकाळी फरशीवर वाळलेला सापडेल.

ती उष्णतेने किंवा खारटपणा थोडा बदलल्याने मरेल अशी भीती मात्र मी दाखवणार नाही. त्या बाबतीत ती दुकानातल्या बहुतेक माशांपेक्षा काटक आहे. म्हणूनच लोकांना वाटतं की ती सहज जगेल, आणि ती आठवडेच्या आठवडे हळूहळू रोडावत जाते.

तरीही ब्लेनी हवीच असेल, तर किनाऱ्यावरून धरू नका, खात्रीच्या दुकानातून एकच सॅलॅरियस फॅसिएटस घ्या. व्यापारात तिला लॉनमोवर ब्लेनी म्हणतात. ही तांबड्या समुद्रापासून प्रशांतातल्या सामोआपर्यंतच्या उथळ प्रवाळ भागातली. साधारण १४ सेंटिमीटरपर्यंत वाढते आणि पाण्यातच राहणारी आहे, त्यामुळे तुषारपट्ट्याची गरज तिला नाही. टँक किमान सहा-आठ महिने चाललेला, खडकांवर थर धरलेला असावा. दुकानात तिचं पोट पाहा. वरून पाहिल्यावर डोक्यामागे अंग आत गेलेलं असेल, पोट खपाटीला गेलेलं असेल, तर कितीही स्वस्त असली तरी सोडून द्या. तो मासा बहुधा परत खायला शिकत नाही. दुकानदाराला समोर खाऊ घालायला सांगा. घरी नोरीचा (वाळवलेल्या समुद्री शेवाळाचा) तुकडा दगडाला रबराने बांधून रोज ठेवा, स्पिरुलिनाचं बुडणारं खाणं द्या. तरंगणाऱ्या दाण्यांकडे ती वर जाणार नाही. पहिले काही दिवस नोरीकडे ढुंकून पाहिलं नाही तर घाबरू नका, तोच दगड तिच्या भोकाजवळ सरकवा. टँकमध्ये प्रवाळ किंवा जिवंत शिंपले असतील तर नजर ठेवा. भूक लागली की काही ब्लेनी त्यांच्या कडा चावायला लागतात. हे सुरू झालं की खाणं वाढवून पाहा, आणि थांबलं नाही तर तिला दुसऱ्या टँकमध्ये हलवावं लागेल.

काच साफ राहायला मात्र दोन-चार टर्बो किंवा ट्रोकस गोगलगायी आणि एक चुंबकी पुसणी पुरे आहे. आठवड्यातून दोनदा, पाच मिनिटं.